आकाशातून रसद पडायची, पण जवानांपर्यंत पोचायची नाही : ब्रिगेडियर जॉन दळवींची गोष्ट

१९६२ चा ऑक्टोबर महिना. आजच्या अरुणाचल प्रदेशाला तेव्हा नेफा म्हणायचे. त्याच्या पश्चिम टोकाला, भूतानच्या सीमेला खेटून, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचौदा हजार फुटांवर एक छोटंसं उंचसखल पठार आहे. नाव त्सांगधर. सकाळी ढग जरा बाजूला झाले की तिथे हवाई दलाची डकोटा विमानं घिरट्या घालायची. उघड्या दारातून पोती, खोकी, डबे बाहेर ढकलले जायचे. काहींच्या डोक्यावर पॅराशूट फुलायचं. काहींच्या डोक्यावर ते उघडायचंच नाही, नुसता कापडाचा आणि दोऱ्यांचा गुंता फडफडत खाली यायचा. वाऱ्याने भरकटलेला माल पठाराच्या कडेवरून थेट दरीत जायचा.

खाली हे सगळं बघत उभे होते भारतीय जवान. अंगात उन्हाळी सुती कपडे, झोपायला एकेक घोंगडी आणि जवळ माणशी ५० च्या आसपास गोळ्या. वरून पडणाऱ्या त्या पोत्यांत त्यांचं जेवण होतं, गरम कपडे होते आणि दारूगोळाही.

या जवानांच्या ब्रिगेडचा कमांडर होता एक दळवी. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी. आणि गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, पण रसद कशी पोचवायची आणि पोचली नाही तर काय होतं, हे ज्या मोजक्या अधिकाऱ्यांना नीट ठाऊक होतं त्यांत या माणसाचं नाव बरंच वर होतं.

आज १९६२ चं युद्ध म्हटलं की लोक नेहरू, मेनन, कौल यांच्यावर येऊन थांबतात. दळवींचं नाव त्यांच्या पुस्तकामुळे राहिलं. पण ही गोष्ट राजकारणाइतकीच कापडाची, दोऱ्यांची आणि टनांच्या हिशोबाचीही आहे. ती सुरुवातीपासून बघू.

बसरा ते मुंबई

जॉन दळवींचा जन्म ३ जुलै १९२० चा. गाव मात्र महाराष्ट्रातलं नाही. ते जन्मले इराकमधल्या बसरा शहरात, कारण त्यांचे वडील तिथल्या ब्रिटिश प्रशासनात नोकरीला होते. पुढे कुटुंब मुंबईला आलं. सेंट मेरीज हायस्कूल आणि मग सेंट झेवियर्स कॉलेज असं त्यांचं शिक्षण मुंबईत झालं.

तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं. ब्रिटिशांना भारतीय अधिकारी हवे होते. दळवी डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत दाखल झाले आणि १९४१ मध्ये बलुच रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून रुजू झाले. वय जेमतेम एकवीस. थोड्याच काळात त्यांना बर्माच्या आघाडीवर जावं लागलं, जनरल विल्यम स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यात. तिथल्या कामगिरीसाठी त्यांचा युद्धवृत्तांत गौरवाने उल्लेख झाला.

बर्मा महत्त्वाचा का, तर ही मोहीम बऱ्याच अंशी आकाशातून जगवली गेली. घनदाट जंगल, चार महिने कोसळणारा पाऊस, रस्ते जवळपास नाहीतच. फेब्रुवारी १९४४ मध्ये जपान्यांनी अराकान भागात सातव्या भारतीय डिव्हिजनला घेरलं, तेव्हा आतल्या सैन्याला विमानांनी माल टाकून तगवलं. त्यानंतर इम्फाळ-कोहिमालाही हेच झालं. वेढा पडला तरी मागे पळायचं नाही, कारण जेवण आणि गोळ्या वरून येणार, हा विश्वास सैन्यात तयार झाला.

तागाच्या पॅराशूटचा किस्सा

त्या मोहिमेतला एक किस्सा फार कमी जणांना माहीत असतो. विमानं कशीबशी मिळाली, पण मालाला बांधायची पॅराशूटं पुरेना. चांगलं पॅराशूट रेशमाचं किंवा नायलॉनचं, आणि ते सगळं युरोपच्या आघाडीकडे जायचं. बर्माच्या वाट्याला उरलंसुरलं.

मग स्लिम यांच्या माणसांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडे धाव घेतली. ज्या तागाची पोती विणली जातात, त्याच तागाचं पॅराशूट बनवता येईल का? महिनाभरात प्रयोग यशस्वी झाला. या पॅराशूटला नाव पडलं पॅराज्यूट. स्लिम यांनी दिलेल्या हिशोबानुसार ते नेहमीच्या पॅराशूटच्या ८५ टक्के भरवशाचं होतं. किंमत एक पौंडाहून थोडी जास्त, तर नेहमीच्या पॅराशूटची २० पौंडांच्या वर.

त्याने माणूस उतरवायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. डाळीची गोणी फुटली तर चालते, माणूस फुटून चालत नाही. पण यात आणखी एक हिशोब दडलेला आहे. १०० पैकी १५ पॅराशूटं दगा देणार हे आधीच धरलं, तर त्या मानाने माल जास्त टाकावा लागतो, विमानं जास्त लागतात आणि खाली मैदान मोठं लागतं. बर्मात ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांचा ताफा मोठा होता, म्हणून हा हिशोब जमला.

दळवींसारखे तरुण अधिकारी अशा सैन्यात घडले. अठरा वर्षांनी हाच हिशोब त्यांच्यापुढे पुन्हा येणार होता, फक्त तेव्हा गणितातली प्रत्येक बाजू लंगडी असणार होती.

फाळणीत रेजिमेंट गेली, मग लडाख

१९४७ ला फाळणी झाली. सैन्याचीही वाटणी झाली आणि बलुच रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. दळवी भारतातच राहिले आणि पाचव्या गोरखा रायफल्समध्ये आले. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचा अभ्यासक्रम झाला, पुढे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या चौथ्या बटालियनचं नेतृत्व मिळालं. करिअर सरळ रेषेत वर चाललं होतं.

मग त्यांना पंधराव्या कोअरमध्ये ब्रिगेडियर, अॅडमिनिस्ट्रेशन हे पद मिळालं. नाव ऐकून फायली हलवण्याचं काम वाटतं. प्रत्यक्षात या अधिकाऱ्याकडे अख्ख्या कोअरच्या पोटापाण्याची जबाबदारी असते. धान्य, रॉकेल, कपडे, दारूगोळा, वाहनं, जखमींची ने-आण, सगळं. आणि या कोअरच्या हद्दीत लडाख होतं.

तेव्हाच्या लडाखमध्ये पुढच्या चौक्यांपर्यंत रस्ते नव्हते. चीनच्या हालचाली वाढल्या तशा सरकारने पुढे, आणखी पुढे चौक्या उघडायला सांगितल्या. नकाशावर टाचणी टोचायला एक सेकंद लागतो. त्या टाचणीवर वर्षभर वीस-तीस माणसं जगवायची तर विमानं, वैमानिक आणि पॅराशूटं लागतात. हवाई दलानेही या काळात कमाल केली. स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी १९६२ मध्ये पॅकेट हे अवजड मालवाहू विमान दौलत बेग ओल्डीच्या सुमारे साडेसोळा हजार फुटांवरच्या धावपट्टीवर उतरवलं, ते याच धडपडीतून.

म्हणजे १९६२ मध्ये दळवींची बदली नेफातल्या सातव्या इन्फंट्री ब्रिगेडवर झाली, तेव्हा त्यांच्या गाठीशी दोन अनुभव होते. आकाशातून जगवलेलं सैन्य जिंकू शकतं हे बर्माने शिकवलं होतं. आणि हिमालयात तेच करायचं तर किती घाम गाळावा लागतो हे लडाखने.

मालाचं पॅराशूट चालतं कसं?

इथे जरा थांबून हे समजून घेऊ, कारण पुढचा सगळा घोळ यातच आहे.

विमानातून माल टाकायच्या दोन पद्धती. पहिली फ्री ड्रॉप, म्हणजे पॅराशूटच नाही. तांदूळ, पीठ, डाळ असा माल एकात एक घातलेल्या दोन-तीन पोत्यांत भरतात. बाहेरचं पोतं मुद्दाम सैल ठेवतात. आतलं फुटलं तरी दाणे बाहेरच्या पोत्यात राहतात. स्वस्त आणि सोपं. पण गोळ्या, औषधं, वायरलेस सेट, रॉकेलचे डबे असे टाकता येत नाहीत. त्यांना दुसरी पद्धत, म्हणजे पॅराशूट लागतंच.

मालाच्या पॅराशूटला उघडायला माणूस नसतो. त्याच्या पिशवीला बांधलेला एक पट्टा विमानातच अडकवलेला असतो. खोकं दारातून बाहेर पडलं की तो पट्टा ताणला जातो, पिशवी ओढून काढतो, घडी सुटते, हवा भरते आणि छत्री उघडते. काही सेकंदांचा हा खेळ. त्यात एकच गोष्ट नीट झालेली असावी लागते, ती म्हणजे घडी.

घडी घालण्याआधी पॅराशूट लांबलचक टेबलावर पसरतात. कापडाची प्रत्येक पट्टी उजेडासमोर धरून भोक, फाटलेली शिवण, जळल्याचा किंवा तेलाचा डाग शोधतात. दोऱ्या एकेक करून मोकळ्या करतात आणि एकमेकींत गुंतल्या नाहीत ना ते बघतात. ओलावा असेल तर उंच जागी टांगून पूर्ण वाळवतात, कारण दमट कापडाला बुरशी लागते आणि ते आतून कुजतं. नायलॉनला बुरशीची भीती कमी, पण उन्हात पडून राहिलं की तेही कमजोर होतं. शेवटी घडी, आणि नोंद. कधी तपासलं, कधी घडी घातली, किती वेळा वापरलं, कोणी सही केली.

वापरलेलं पॅराशूट परत मिळालं तर पुन्हा वापरता येतं. पण ते खडकांवरून घासत ओढलेलं असतं, ओलं असतं, कुणीतरी घाईत गाठोडं करून पाठवलेलं असतं. अशा पॅराशूटला नव्यापेक्षा जास्त तपासणी लागते. डोळ्यांना ते धडधाकट दिसतं. खरं काय ते हवेत कळतं.

त्यात उंचीचा हिशोब वेगळाच. साडेचौदा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडी कमी असते. त्यामुळे तेच पॅराशूट, तोच माल, पण खाली येण्याचा वेग सुमारे सव्वापट होतो. आणि वेग सव्वापट झाला की आपटण्याचा जोर दीडपटीच्या पुढे जातो. मैदानावर सुखरूप उतरणारी पेटी डोंगरावर फुटते, ती अशी.

आता वेळेचं बघा. विमान ताशी १८० किलोमीटरने जात असेल तर ते एका सेकंदात ५० मीटर कापतं. दारातल्या माणसाला ढकलायला दोन सेकंद उशीर झाला, की माल १०० मीटर पुढे. मोठ्या मैदानावर काही बिघडत नाही. कडेला दरी असलेल्या चिंचोळ्या पठारावर ते १०० मीटर म्हणजे माल गेला.

थागलाच्या पायथ्याशी

जून १९६२ मध्ये नामका चू नदीजवळ भारताने ढोला नावाची चौकी उभारली. समोर थागलाचा उंच कणा. ८ सप्टेंबरला चिनी सैनिक त्या कण्यावरून खाली उतरले आणि चौकीला धोका निर्माण झाला. दिल्लीत बैठकांमागून बैठका झाल्या आणि चिन्यांना थागलावरून हाकलण्याचा आदेश निघाला. काम दिलं सातव्या ब्रिगेडला.

दळवींनी नकाशा उघडला. रस्ता तवांगला संपत होता. पुढे सगळी पायवाट. लुम्पू नावाच्या गावाजवळ माल टाकता येईल असं बऱ्यापैकी मैदान होतं, पण तिथून नामका चूपर्यंत डोंगर ओलांडून जायचं आणि माल पाठीवर न्यायचा. हमाल थोडेच. उलट थागलाच्या पलीकडे, फार दूर नाही अशा अंतरापर्यंत, चीनचा वाहनं चालतील असा रस्ता पोचला होता. भारतीय जवान नदीच्या घळीत आणि चिनी वर कण्यावर. थंडी तोंडावर.

एका ब्रिगेडने हल्ला करायचा तर काय काय लागेल याचा हिशोब दळवींनी मांडला. तो शेकडो टनांवर गेला. धान्य, गरम कपडे, तंबू, तोफा, गोळे. हे सगळं साठवल्याशिवाय हल्ला म्हणजे आत्महत्या, असं त्यांचं मत होतं. त्यांचे वरिष्ठ, तेहतिसाव्या कोअरचे लेफ्टनंट जनरल उमरावसिंग यांनाही ते पटलं आणि त्यांनी ते वर कळवलं. परिणाम काय झाला? ऑक्टोबरच्या सुरुवातीला नेफाची जबाबदारीच उमरावसिंगांकडून काढून घेतली गेली. नव्याने चौथी कोअर उभी राहिली आणि तिच्यावर लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल आले.

कौल यांना घाई होती. १० ऑक्टोबरपर्यंत काहीतरी करून दाखवायचं होतं. लुम्पूला थांबलेल्या २ राजपूत आणि १/९ गोरखा या बटालियनना त्यांनी तातडीने पुढे जायला लावलं. थंडीचे कपडे नसलेले जवान सोळा हजार फुटांच्या आसपासची खिंड ओलांडून निघाले. काहींचा जीव विरळ हवेने आणि थंडीने वाटेतच गेला.

आणि मालासाठी मैदान ठरलं त्सांगधर. कारण कागदावर सोपं होतं. लुम्पू लांब आहे, त्सांगधर जवानांच्या जवळ आहे, मग हमाल कमी लागतील. दळवींना लुम्पू हवं होतं. त्सांगधर लहान होतं, उंचसखल होतं, भोवती घळी होत्या, ढग लवकर दाटायचे.

पोती शोधत फिरणारं सैन्य

आसाममधल्या विमानतळांवरून विमानं उडायची. पॅकेट विमानात माल भरपूर मावायचा, पण ते वेगवान आणि अवजड. त्सांगधरच्या इवल्या जागेवर त्याचा नेम धरणं फार कठीण. डकोटा हळू उडायचं, नेम बरा, पण एका फेरीत अडीच-तीन टनांच्या आसपासच माल. तोही एका घिरटीत टाकता येत नाही. दोन-चार नग टाका, वळसा घ्या, पुन्हा या. तेवढ्यात ढग.

एक ढोबळ हिशोब करून बघा. माणशी रोज दोन किलो माल धरला तर दोन हजार माणसांना रोज चार टन लागतात. म्हणजे डकोटाच्या दोन फेऱ्या फक्त त्या दिवसाचं पोट भरण्यात जाणार. तेही सगळा माल हाती लागला तर. हल्ल्यासाठीचा साठा त्याच्या वर.

आणि सगळा माल हाती लागतच नव्हता. त्या काळात देशाकडे परकीय चलनाची चणचण होती. पॅराशूटं महाग, म्हणून एकदा टाकलेली गोळा करून, दुरुस्त करून पुन्हा वापरली जात होती. त्या मोहिमेच्या वर्णनांत हवेत न उघडलेल्या पॅराशूटांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. जी उघडली, त्यांतली बरीच घळीत गेली. पॅरा फील्ड रेजिमेंटच्या तोफाही याच पठारावर पॅराशूटने टाकल्या गेल्या. त्यातल्या दोनच वापरता येतील अशा अवस्थेत मिळाल्या आणि त्यांना पुरतील इतके गोळेही नव्हते.

मग माल शोधणार कोण? जवानच. ज्यांनी खंदक खणायचे, पहारा द्यायचा, गस्त घालायची, तेच जवान तुकड्यातुकड्यांनी घळीत उतरून पोती हुडकत होते. साडेचौदा हजार फुटांवर अर्धवट उपाशी माणसाने पाठीवर गोणी घेऊन चढ चढायचा. जमिनीवर सगळी मेहनत करूनही खंदकांवर टाकायला लाकूड कापायचं तर कुऱ्हाडी-कुदळी पुरेशा नव्हत्या.

वाईट याचं वाटतं की यात वैमानिकांची कसूर नव्हती. पोती शिवणाऱ्याची, घडी घालणाऱ्याचीही नाही. ते जे मिळेल त्यातून काम करत होते. चूक वर झाली होती. आधी तारीख ठरली आणि मग माल किती पोचतोय ते बघितलं गेलं.

शेवटचे दहा दिवस

१० ऑक्टोबरला सेंग जोंग इथे ९ पंजाबच्या छोट्या तुकडीवर चिन्यांनी मोठा हल्ला केला. पंजाबी जवान शर्थीने लढले. त्यांना आधार म्हणून नदीकाठच्या तोफा-मशीनगन चालवाव्यात अशी मागणी झाली. दळवींनी नकार दिला. गोळ्या इतक्या कमी होत्या की एकदा सुरुवात केली असती तर चिन्यांनी अख्ख्या ब्रिगेडवर आग ओकली असती आणि उत्तर द्यायला काही उरलं नसतं. आपल्याच माणसांना डोळ्यांदेखत आधार न देण्याचा हा निर्णय त्यांना घ्यावा लागला. दरीत पडलेल्या पेट्यांची किंमत अशी मोजावी लागली.

त्या दिवशी कौल यांनाही परिस्थिती कळली आणि ते दिल्लीला धावले. पण ब्रिगेडला मागे घेण्याचा आदेश आला नाही. १२ ऑक्टोबरला पंतप्रधान नेहरूंनी श्रीलंकेला निघताना, आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत, असं पत्रकारांना सांगितलं. आता मागे फिरणं राजकीयदृष्ट्याही अवघड झालं.

पुढचे दिवस दळवी एकच गोष्ट मागत राहिले. ब्रिगेडला नदीच्या घळीतून मागे, जिथे माल पोचतो अशा जागी घ्या. १९ ऑक्टोबरला समोर चिनी सैन्याची जमवाजमव उघड दिसत होती. त्या रात्री त्यांनी आपल्या डिव्हिजन कमांडरला फोनवर सांगितलं की माणसं मरताना बघत बसण्यापेक्षा राजीनामा देणं पत्करेन. डिव्हिजन कमांडर मेजर जनरल निरंजन प्रसाद यांच्याही हातात फार काही नव्हतं.

२० ऑक्टोबरला पहाटे तोफा धडाडल्या. काही तासांत ब्रिगेड संपली. एकट्या २ राजपूत बटालियनचे २८० हून अधिक जवान मारले गेले. गोळ्या संपेपर्यंत लढलेल्या चौक्यांच्या कथा नंतर कैदेतून परतलेल्यांनी सांगितल्या. दळवी थोड्या माणसांसह डोंगरातून मागे निघाले, डिव्हिजनच्या मुख्यालयापर्यंत पोचायचा प्रयत्न केला. दोन दिवस भटकल्यावर २२ ऑक्टोबरला चिन्यांनी त्यांना पकडलं.

कैद आणि पुस्तक

सहा महिन्यांहून जास्त काळ दळवी युद्धकैदी होते. बराच काळ इतर जवानांपासून वेगळे, एकटे. विचार करायला वेळच वेळ. आपल्या ब्रिगेडचं काय झालं आणि का झालं हे लोकांसमोर आलं पाहिजे, हा निर्धार तिथेच झाला. ४ मे १९६३ रोजी सुटका होऊन ते कलकत्त्याला उतरले.

पुढे काही वर्षं नोकरी करून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. १९६७ मध्ये कौल यांचं आत्मकथन आलं. १९६९ मध्ये दळवींचं हिमालयन ब्लंडर प्रसिद्ध झालं, आणि खळबळ उडाली. हरलेल्या ब्रिगेडच्या कमांडरने राजकारणी, सेनापती, नोकरशहा अशा सगळ्यांची नावं घेऊन हिशोब मांडला होता.

हे पुस्तक एका बाजूचं आहे, हे लक्षात ठेवायला हवं. ज्याच्या हाताखाली पराभव झाला त्याची ती कैफियत आहे. दळवींनी आधीच ठाम नकार का दिला नाही, राजीनामा कागदावर का दिला नाही, असे प्रश्न त्यांना विचारले गेले आणि ते रास्तही आहेत. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने जाहीर केला नाही. पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग २०१४ मध्ये उघड केला. पण रसदीबद्दल दळवी जे सांगत होते, ते बाकीच्यांच्या लेखनातूनही फारसं खोडलं गेलं नाही. माल पुरेसा नव्हता आणि जो होता तो पोचत नव्हता, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे.

पुस्तकानंतर दळवींना फार वर्षं मिळाली नाहीत. १९७४ मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय ५४. त्यांचा मुलगा मायकेल दळवी पुढे तमिळनाडू आणि बंगालकडून रणजी क्रिकेट खेळला.

त्यानंतर काय बदललं?

१९६२ नंतर सैन्याचा विस्तार झाला, सीमेकडचे रस्ते हाती घेतले गेले, डोंगरी डिव्हिजन उभ्या राहिल्या. पॅराशूट आणि हवाई पुरवठ्यावर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आग्र्याला आहे. अवजड वाहनं आणि तोफा फळ्यांवर बांधून अनेक पॅराशूटांनी उतरवायच्या पद्धती तिथे तयार झाल्या. सियाचिनसारख्या ठिकाणी आजही कितीतरी माल आकाशातूनच पोचतो.

पॅराशूट शिवणारा सरकारी कारखाना कानपूरला, १९४१ पासूनचा. २०२१ मध्ये देशातल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या. आपल्या अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी त्यात यंत्र इंडियाकडे गेली आणि कानपूरचा पॅराशूट कारखाना ग्लायडर्स इंडियाकडे. लोकलमधून अंबरनाथ ओलांडताना ज्या भिंतीआड काय चालतं याचा कुणी विचार करत नाही, तसल्याच भिंतींआड कुणीतरी शिवण तपासतं, धातूचा तुकडा मोजतं, नोंदवहीत सही करतं. सीमेवरच्या माणसाला त्याचं नावही ठाऊक नसतं.

त्सांगधरच्या घळींत १९६२ ची किती खोकी कुजून गेली याचा हिशोब आता कुणी लावू शकत नाही. तो लावायचा तेव्हा एक माणूस लावत होता, टनांत आणि माणसांत. दळवींनी मागितलं होतं ते फार मोठं नव्हतं. माल आधी पोचू द्या आणि मग तारीख ठरवा, एवढंच.